डोंगरातली गाइडेड मोटरसायकल टूर: निघण्याआधी करायची तयारी

गाइडेड टूरचं बुकिंग झालं की बरेच जण निर्धास्त होतात. रस्ता ठरलेला, मुक्काम ठरलेले, मागून मेकॅनिक आणि सामानाची गाडी येणार, मग आपण नुसती बाइक चालवायची, असा हिशोब असतो. हिशोब बराचसा बरोबर आहे. पण डोंगरात बाइक चालवणं हेच सगळ्यात मोठं काम असतं आणि त्यात गाइड फार थोडी मदत करू शकतो. खडीच्या चढावर, अगदी वळणातच गाडी बंद पडली की क्लच, ब्रेक आणि तोल तिन्ही तुमचे तुम्हालाच सांभाळावे लागतात. उंचीवर डोकं ठणकायला लागलं तर ते तुम्ही सांगेपर्यंत दुसऱ्या कुणाला कळत नाही.

म्हणून या लेखात गाइड तुमच्या वतीनं करू शकणार नाही अशा गोष्टींवर जास्त भर दिला आहे. तुम्ही रोज बाइक चालवता, हायवेवर लांबच्या फेऱ्या केल्या आहेत, पण डोंगरात सलग आठ-दहा दिवस कधी चालवलेली नाही, असं इथे गृहीत धरलं आहे. तयारीला तीन महिने मिळाले तर उत्तम. आठ आठवड्यांपेक्षा कमी वेळ हातात असेल, तर सरळ पुढची तारीख घ्यावी असं माझं मत आहे.

आधी डोंगर कोणता ते बघा

डोंगरातली टूर म्हटलं की सगळ्या टूर सारख्या वाटतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आल्प्समधली स्टेल्व्हिओ खिंड २,७५७ मीटरवर आहे. तिच्या उत्तरेकडच्या बाजूनं चढताना ४८ हेअरपिन वळणं लागतात, रस्ता मात्र डांबरी आहे आणि संध्याकाळी तुम्ही पुन्हा खाली दरीतल्या गावात झोपायला येता. लडाखमधली खारदुंगला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे पायथ्याचं लेहच सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेलं आहे. पहिल्या टूरला वळणांचा सराव लागतो. दुसरीला तो लागतोच, शिवाय विरळ हवा, कच्चा रस्ता, थंडी आणि वितळलेल्या बर्फाचे ओढे यांचीही तयारी करावी लागते.

दिवसवार कार्यक्रम हातात आला की त्यातले फोटो बाजूला ठेवा आणि कागदावर तीन रकाने करा: दिवसाचे किलोमीटर, प्रत्यक्ष चालवण्याचे तास आणि झोपायच्या जागेची उंची. डोंगरात किलोमीटरचा आकडा फसवा असतो. वळणं, खराब पट्टे, समोरून येणारे ट्रक, रस्त्याची कामं आणि दरडी धरल्या की दिवसाची सरासरी ताशी २५ ते ३५ किलोमीटरवर येते. म्हणजे १८० किलोमीटरचा दिवस हा सहा-सात तास चालवायचा दिवस असतो, थांबे वेगळे. असे दिवस ओळीनं चार आले आणि मध्ये एकही मोकळा दिवस नसला, तर कार्यक्रम आखणाऱ्याला त्याबद्दल जरूर विचारा. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर वापरायला राखीव दिवस आहे का, हेही विचारा.

तिसरा रकाना, म्हणजे झोपायची उंची, हा सगळ्यात महत्त्वाचा. त्याकडे पुढे येऊ.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचं ते

चांगला आयोजक प्रश्नांना कंटाळत नाही. 'काळजी करू नका, आम्ही बघून घेतो' एवढंच उत्तर मिळत असेल, तर दुसरा आयोजक शोधा. निदान इतकं तरी विचारून घ्या:

- पुढे चालणारा गाइड आणि सगळ्यात मागे चालणारा स्वीप, दोघंही बाइकवर असतात का? एका गाइडमागे किती रायडर? आठ-दहाच्या वर संख्या गेली की ग्रुप ताणला जातो आणि मागच्यांना घाई होते.
- बॅकअप गाडीत ऑक्सिजन सिलिंडर, पल्स ऑक्सिमीटर आणि प्रथमोपचाराची पेटी असते का, आणि ती वापरायला कुणाला येते?
- मोबाइलची रेंज नसलेल्या भागात संपर्क कशानं करता? सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर आहे का?
- रायडर आजारी पडला तर त्याला कोण आणि कुठल्या रस्त्यानं खाली नेतं? मग बाकीच्या ग्रुपसोबत कोण राहतं?
- बाइक नादुरुस्त झाली तर बदली बाइक आहे का? पडून नुकसान झालं तर भरपाईचा नियम काय? तो लेखी घ्या.
- एखादा दिवस चालवायचं नसेल, तर बॅकअप गाडीत बसायला जागा मिळते का?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात, पण अंगात ताप असताना किंवा रात्रभर झोप झालेली नसताना बाइक चालवण्यापेक्षा गाडीत बसणं शहाणपणाचं. जागाच नसेल तर तसं वागता येत नाही.

कागदपत्रांचं काम आत्ताच उरकून टाका. परदेशात चालवायचं असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना लागेल का आणि त्यावर मोटरसायकलच्या वर्गाचा शिक्का आहे का, ते तपासा. १९४९ च्या करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष चालतो. १९६८ च्या कराराखालचा जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो, आणि कुठला देश कुठला परवाना मानतो हे वेगवेगळं असतं. प्रवास विम्याची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचा. अनेक पॉलिसींमध्ये मोटरसायकल १२५ सीसीपर्यंतच धरलेली असते, काहींत उंचीची मर्यादा असते आणि हेलिकॉप्टरनं हलवण्याचा खर्च वेगळा घ्यावा लागतो. विमा कंपनीला ईमेलनं थेट प्रश्न विचारा: इतक्या सीसीची बाइक, इतक्या मीटरपर्यंत, चालक म्हणून, संरक्षण आहे का? आलेलं उत्तर जपून ठेवा.

हळू चालवायला शिका

सपाट रस्त्यावर ज्याला चांगला रायडर म्हणतात तो बहुधा वेगात चांगला असतो. डोंगरात पडणारे रायडर मात्र बहुतेक वेळा ताशी पंधरा किलोमीटरच्या आत पडतात: वळणात, खडीत, वळवून घेताना, उतारावर पाय टेकताना. म्हणून सरावाचा मोठा हिस्सा रिकाम्या मैदानात जायला हवा. आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास. शक्य असेल तर टूरवर मिळणार आहे त्याच मॉडेलवर, निदान तेवढ्याच वजनाच्या आणि तेवढ्याच उंच सीटच्या गाडीवर.

पहिला सराव कासवगतीचा. पंधरा मीटरची सरळ रेघ आखा आणि पाय न टेकवता ती जितक्या सावकाश पार करता येईल तितकी करा. थ्रॉटल किंचित उघडा आणि तिथेच स्थिर ठेवा, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका दाबलेला. वेग फक्त क्लच आणि मागच्या ब्रेकनं कमी-जास्त करायचा. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. इतक्या कमी वेगात वळलेल्या चाकाला पुढचा ब्रेक लागला की गाडी जागच्या जागी आडवी होते.

दुसरा सराव अरुंद जागेत यू-टर्नचा. सुरुवात दहा मीटर रुंदीपासून करा आणि हळूहळू सहा-सात मीटरवर आणा. गाडी आत झुकेल, तुमचं अंग बाहेरच्या बाजूला राहू द्या आणि मान खांद्यावरून मागे, जिथे जायचं आहे तिकडे वळवा. नजर चाकापुढच्या जमिनीवर आली की गाडीही तिथेच जाते. हे एकदा अंगवळणी पडलं की निम्मी भीती जाते.

तिसरा सराव चढावर थांबून निघण्याचा. मागच्या ब्रेकवर गाडी धरा, क्लच पकडायला लागेपर्यंत सोडा, इंजिनाचा आवाज थोडा खाली आला की ब्रेक सोडा. यातच बंद पडलेल्या गाडीचा सरावही घ्या, कारण डोंगरात ती वेळ येतेच. चढावर गाडी बंद पडली तर क्लच ओढू नका. गिअरमध्ये असलेली गाडी क्लच सुटलेला असेपर्यंत स्वतःच मागच्या चाकाला धरून ठेवते. आधी पुढचा ब्रेक दाबा, दोन्ही पाय नीट रोवा, श्वास घ्या. गाडी थोडी मागे घ्यायची असेल तर क्लच बोटभर दाबून सोडा. गाडी वीतभर मागे सरकेल आणि पुन्हा थांबेल. असं सरकवत सरकवत चढावर तिरकी करून सुरक्षित कोनात आणता येते. घाबरून क्लच पूर्ण ओढला आणि एकच पाय उताराच्या बाजूला टेकवायला गेलात, तर तिथे जमीन पायाखाली येतच नाही आणि गाडी अंगावर येते.

चौथा सराव पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून चालवण्याचा, आधी सपाट मैदानात, मग कच्च्या रस्त्यावर. गुडघे किंचित वाकलेले, टाकीला टेकलेले, हातांची पकड सैल. खडीवर पुढचं चाक थोडं इकडेतिकडे नाचणारच, त्याला नाचू द्या. हँडल घट्ट आवळलं की ते नाचणं अंगात शिरतं.

आणि पडलेली गाडी उचलायला शिका. रिकाम्या मैदानात गवतावर मित्राच्या मदतीनं गाडी आडवी करा. इंजिन बंद, गिअर टाकलेला, शक्य असेल तर साइड स्टँड काढलेला, हँडल पूर्ण एका बाजूला वळवलेलं. सीटला पाठ लावून खाली बसा, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागची पट्टी धरा, आणि पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या ताकदीनं छोट्या पावलांनी मागे रेटत उभे राहा. उंचीवर एकट्यानं हे करू नका, मदत येऊ द्या. तिथे एकदा गाडी उचलली की दहा मिनिटं धाप लागते.

हेअरपिन जवळून बघितलं तर

चढाच्या एका हेअरपिनमध्ये क्रमानं काय होतं ते बघा. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करा आणि गिअर टाका, बहुधा दुसरा, फार आवळलेलं असेल तर पहिला. वळणात शिरल्यावर गिअर बदलायचा नाही आणि क्लच पूर्ण ओढायचा नाही. चढावर क्लच ओढला की मागच्या चाकाची ओढ तुटते, वेग एकदम मरतो आणि झुकलेली गाडी कलंडते. आपल्या लेनच्या बाहेरच्या कडेनं शिरा. आतला कोपरा लवकर गाठायचा मोह टाळा, कारण हेअरपिनची आतली बाजू सगळ्यात जास्त चढी असते आणि खडीही अनेकदा तिथेच साचते. मान वळवून वळणाचं पुढचं टोक दिसेपर्यंत वाट बघा. ते दिसलं की थ्रॉटल अलगद उघडा आणि बाहेर पडा.

उताराचं वळण जास्त अवघड असतं, कारण वजन पुढच्या चाकावर येतं. ज्या गिअरनं तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा आणि इंजिनाला गाडी धरू द्या. न्यूट्रल करून किंवा क्लच ओढून उतरायचं नाही. ब्रेक सतत दाबून ठेवायचे नाहीत. गरज असेल तेव्हा ठामपणे दाबायचे आणि पूर्ण सोडायचे, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. लिव्हर मऊ लागायला लागलं किंवा जळका वास आला तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका.

वळण आंधळं असेल तर रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात त्या जागेवर नजर ठेवा. ती जागा जवळ येत असेल तर वळण आवळत चाललंय, वेग कमी करा. दूर जायला लागली की वळण उघडतंय. जितका रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग असावा. मधल्या रेषेला चिकटून झुकू नका; चाक आपल्या लेनमध्ये असलं तरी डोकं समोरच्या लेनमध्ये जातं, आणि समोरून येणारा ट्रक वळणात हमखास तुमची थोडी जागा घेतो. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा नियम किंवा रिवाज बहुतेक ठिकाणी आहे. काही देशांत वेगळे नियमही असतात. स्वित्झर्लंडमध्ये खूण केलेल्या डोंगरी पोस्ट-रस्त्यांवर, म्हणजे पोस्टाच्या बस जातात त्या रस्त्यांवर, बसचालक सांगेल तसं थांबावं किंवा मागे व्हावं लागतं. जिथे जाणार तिथले नियम पहिल्या ब्रीफिंगमध्ये विचारून घ्या.

शरीर

सहा तास सीटवर, तेही वळणांमध्ये, याचा ताण मांड्या, पोटाचे स्नायू, मान आणि पंजे यांच्यावर येतो. दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा बैठका, प्लँक आणि पाठीचे व्यायाम, आणि तीनदा दम लागेल असं चालणं, पळणं किंवा जिने चढणं पुरे. क्लचच्या हातासाठी रबरी चेंडू दाबत राहा. शेवटच्या महिन्यात एखाद्या शनिवार-रविवारी ओळीनं दोन्ही दिवस, टूरवर घालणार आहात तेच कपडे, बूट आणि हेल्मेट घालून पाच-सहा तास चालवा. बूट कुठे काचतो, हेल्मेट कपाळावर कुठे रुततं, ग्लोव्हज घालून कुठलं बटण दाबता येत नाही, हे दुसऱ्या दिवशीच्या दुपारी कळतं. रक्तदाब, दमा, हृदय किंवा मधुमेहाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना उंचीसकट सगळा कार्यक्रम दाखवा आणि त्यांचं मत आल्यावरच पैसे भरा.

उंची

समुद्रसपाटीच्या मानानं सुमारे ५,५०० मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच येतो. शरीर याला जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. २,५०० मीटरच्या वर गेल्यावर बहुधा सहा ते बारा तासांत डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, थकवा, झोप न लागणं असा त्रास सुरू होऊ शकतो. रोज पळणाऱ्यालाही तो होतो, कारण तंदुरुस्ती आणि उंचीचा त्रास यांचा फारसा संबंध नाही. उलट तंदुरुस्त माणूस पहिल्या दिवशी जास्त धडपड करतो आणि जास्त अडकतो.

आता तो तिसरा रकाना काढा. डॉक्टरांची सर्वसाधारण शिफारस अशी आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा उंच खिंड ओलांडून खाली झोपणं चालतं. मोजायची ती झोपायची उंची. उदाहरणार्थ, सुमारे २,०५० मीटरवरच्या मनालीहून निघून पहिल्याच रात्री सुमारे ४,३०० मीटरवरच्या सरचूला मुक्काम, असा कार्यक्रम दिसला तर तो बदलून मागा. विमानानं थेट ३,५०० मीटरवर उतरणार असाल तर पहिले दोन दिवस बाइकला हातही लावू नका. गावातल्या गावात हळू चाला, पाणी पीत राहा. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा, त्यांनी झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

असिटाझोलामाइड हे औषध जुळवून घेण्याची क्रिया वेगवान करतं. ते साधारणपणे चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात, पण डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. गोळी घेतली म्हणून घाईचा कार्यक्रम सुरक्षित होत नाही.

त्रास सुरू झाला तर नियम सोपे आहेत. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येत असेल, माणूस सरळ रेषेत चालू शकत नसेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर त्याला लगेच खाली न्यायचं, मग रात्र असो की पाऊस. ऑक्सिजन हा खाली नेईपर्यंतचा आधार आहे, उपचार म्हणजे खाली उतरणं. रोज सकाळी आणि रात्री एकमेकांना कसं वाटतंय ते विचारायची सवय ग्रुपला लावा, आणि स्वतःचा त्रास लपवू नका. बाइकवर हे आणखी गंभीर होतं, कारण गरगरणाऱ्या माणसाच्या हातात हँडल असतं.

कपडे: आधी संरक्षण, मग ऊब

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वर बाइकचा वारा. ५ अंश तापमानात ताशी ६० किलोमीटरनं जाताना उघड्या त्वचेला उणे दोनच्या आसपास गारठा जाणवतो. बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज जातो, म्हणून थंडीचा बंदोबस्त हा थेट सुरक्षेचा भाग आहे.

अंगालगत लोकर किंवा सिंथेटिकचा थर, कापूस नको, कारण घामानं ओला झालेला कापूस सुकत नाही आणि ऊब शोषून घेतो. त्यावर फ्लीससारखा थर, सगळ्यात वर आर्मर, म्हणजे आपटण्यापासून वाचवणारे पॅड, असलेलं जॅकेट आणि रायडिंग पँट. जॅकेट भारी आणि खाली जीन्स, असं बहुतेक जण करतात. पैसे मर्यादित असतील तर दोन्हींत विभागा, कारण कमी वेगाच्या पडण्यात गुडघा आणि घोटा आधी आपटतात. कपड्यांवर ईएन १७०९२ आणि आर्मरवर ईएन १६२१ ही खूण बघा. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, ईसीई २२.०६ किंवा तुमच्या देशातल्या सक्तीच्या मानकाचं. बूट घोट्याच्या वर येणारे आणि जलरोधक. ग्लोव्हज दोन जोड्या घ्या, एक थंडीचा आणि एक पातळ. पावसाचा सूट जॅकेटवरून घालायचा आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवायचा. व्हायझर स्वच्छ काचेचाच घ्या. काळा व्हायझर बोगद्यात शिरल्यावर आंधळं करतो, उन्हासाठी आतला सनशेड किंवा गॉगल वापरा. अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, तेव्हा नाक, ओठ आणि मान यांना सनस्क्रीन लावाच.

गाडी ताब्यात घेताना

भाड्याची बाइक असेल तर अर्धा तास मागून घ्या आणि कुणी घाई केली तरी सोडू नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, ओरखडे दिसतील असे. मग टायर: खाच किती उरली आहे, कडेला चिरा आहेत का. चेन ढिली किंवा कोरडी आहे का. दोन्ही ब्रेक, लिव्हर कुठे पकडतं, ब्रेक ऑइल खुणेच्या आत आहे का. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल २३० अंशांच्या पुढे उकळतं, ओल शोषलेल्यासाठी मानक १५५ अंशांपर्यंतची सूट देतं. लांब उतारावर ब्रेक तापले की हा फरक लिव्हरमध्ये जाणवतो. स्वतःची गाडी नेत असाल तर ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलूनच निघा, आणि टायर, ब्रेक पॅड, क्लच केबल ही कामं निघायच्या निदान दोन आठवडे आधी करा. नवी चुकीची दुरुस्ती घराजवळच उघडी पडावी.

लिव्हर आणि गिअरपेडल तुमच्या मनगटाला आणि बुटाला जुळवून घ्या. हे पाच मिनिटांचं काम न केल्यानं कित्येक रायडर सगळी टूर दुखऱ्या मनगटानं करतात. सीटवर बसून दोन्ही पायांचे निदान पुढचे तळवे टेकतात का बघा. नसतील टेकत तर कमी उंचीची बाइक मागताना संकोच नको.

उंचीवर इंजिनाची ताकद ढोबळमानानं दर ३०० मीटरला ३ टक्क्यांनी घटते. ४,५०० मीटरवर चाळीस टक्क्यांच्या आसपास पिकअप गेलेलं असतं. इंजेक्शनची गाडी मिश्रण नीट ठेवते, कार्ब्युरेटरची धुरकट आणि अडखळत चालते, पण दम दोन्हींचा कमी होतो. तिथे ओव्हरटेक करताना सपाटीवरचा अंदाज चालत नाही. टायरमधली हवा रोज सकाळी, टायर थंड असताना बघा.

ग्रुपमध्ये

मोकळ्या रस्त्यावर आलटून-पालटून तिरकी रांग आणि पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर. वळणांत आणि खडीवर एकेरी रांग, अंतर आणखी जास्त. अनेक गाइड फाट्यावर रायडर उभा करायची पद्धत वापरतात: फाटा आला की गाइडच्या मागचा रायडर तिथे थांबतो, सगळ्यांना दिशा दाखवतो आणि स्वीप आल्यावर निघतो. तुमच्यावर ती पाळी आली तर स्वीप दिसेपर्यंत जागा सोडायची नाही, कितीही वेळ लागला तरी. पुढचा रायडर ज्या वेगानं वळण घेतो तो त्याचा वेग. मागे पडलात तरी पुढच्या फाट्यावर कुणीतरी उभं असणारच, ही पद्धत त्यासाठीच आहे.

ओढे ओलांडण्याचा क्रम गाइड ठरवेल. बर्फ वितळून येणारं पाणी दुपारनंतर वाढतं, म्हणून त्या दिवशी सकाळी लवकर निघायला कुरकुर करू नका. पाण्यात पहिला गिअर, स्थिर थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर, मध्ये क्लच नाही. बाहेर आल्यावर चालता चालता दोन्ही ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करा. सकाळच्या वेळी सावलीतली वळणं आणि पूल इथे पातळ बर्फ असू शकतो. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या चाकाकडून पाणी उडत नाहीये, असं दिसलं की थ्रॉटल न झटकता हलकेच वेग सोडा.

सामान

थोडक्यात: अर्धं घरी ठेवा. बॅकअप गाडीत जाईल ती मऊ बॅग, आणि बाइकवर फक्त दिवसभर लागणारं: पावसाचा सूट, जादा ग्लोव्हज, दोन-तीन लिटर पाणी, स्वतःची औषधं, टॉर्च, पॉवर बँक, कागदपत्रांच्या प्रती. औषधं आणि पॉवर बँक अंगाजवळच्या खिशात, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा आणि तो तिथे आहे हे गाइडला सांगा. लांबच्या प्रवासात वाऱ्याचा आवाज कानांना थकवतो, इअरप्लग जरूर घ्या.

पहिला दिवस

आदल्या रात्री लवकर झोपा, सकाळी ब्रीफिंगमध्ये हाताच्या खुणा पाठ करा आणि पेट्रोल कुठे मिळणार, पुढचा थांबा किती किलोमीटरवर, हे विचारा. डोंगरात नवखे आहात हे गाइडला उघडपणे सांगा आणि त्याच्या लगेच मागची जागा मागून घ्या. तिथून त्याची रेषा, त्याचा ब्रेक दिवा आणि गिअर कधी टाकतो, हे सगळं दिसतं. अनुभवी गाइड नवख्यांना तीच जागा देतो, कारण त्याला आरशात तुम्ही दिसता आणि तो तुमच्या वेगाप्रमाणे ग्रुप चालवू शकतो.

संध्याकाळी गाडी लावल्यावर थेट खोलीवर जाऊ नका. चेन, टायर आणि ब्रेकवर एक नजर टाका, काही वेगळा आवाज आला असेल तर मेकॅनिकला त्याच वेळी सांगा, कारण त्याच्याकडे दुरुस्तीला रात्रच असते. मग गाइडला तुमचा दिवस कसा गेला ते नेमकं सांगा: उताराच्या वळणांत भीती वाटते, डावा पंजा दुखतोय, दुपारनंतर डोकं जड झालं. दुसऱ्या दिवशी रांगेत कोण कुठे, थांबे किती आणि कुणाला गाडीत बसवायचं, हे तो त्यावरूनच ठरवतो.